कॅल्शियमची बाटली

त्या घरात डब्यावर जे लिहिलेलं असे ते आत कधीच नसे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बटणं आणि सुया, कॉफीच्या बरणीत मीठ, जॅमच्या बाटलीत खिळे. एखादा पाहुणा उत्साहाने स्वतःच कॉफी करायला उठला की त्याची फजिती ठरलेली. आईला मात्र डोळे मिटून सगळं सापडे. गंमत म्हणजे हीच बाई दिवसभर कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून एकेका कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचत असे, आणि एवढ्या वर्षांत एकाचा कोट कधी दुसऱ्याच्या अंगावर गेला नव्हता.

"दुकानात चिठ्ठीशिवाय चिंधी हलू देत नाहीस आणि घरात हा कारभार," मुलगी म्हणायची.

"घर म्हणजे दुकान आहे का? आपलं आपल्याला माहीत असलं की झालं. बाहेरच्याला कळून काय करायचंय?"

हे शेवटचं ती नुसतं डब्यांबद्दल म्हणत नसे.

मुलीला घरात चिमणी म्हणत आणि कामावर घार. बंदराजवळच्या कंटेनर यार्डात ती उंच क्रेन चालवायची. लोखंडी शिडीने चढून जायचं, काचेच्या तळाच्या केबिनमध्ये बसायचं आणि दोन पायांच्या मधून खाली बघत घराएवढ्या पेट्या एकीवर एक रचायच्या. कोण हेल्मेट काढून फिरतोय, कोण पेटीच्या सावलीत डुलकी काढतोय, वरून तिला सगळं दिसायचं, म्हणून ती घार. तिचा मामा त्याच यार्डात मुकादम होता. तो म्हणायचा, "आमच्या घराण्यात उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ झाले. पगार घेऊन हाकणारी ही पहिलीच."

पेटीत काय भरलंय हे तिला कधी माहीत नसायचं. पण उचलल्याबरोबर दोर किती झुलतो त्यावरून आतलं वजन सरळ बसलंय की एका अंगाला गेलंय, ते तिच्या हाताला कळायचं. टेकवताना आवाज होऊ द्यायची नाही. खालचे लोक म्हणत, ही पेटी ठेवत नाही, निजवते.

तेच हात आईने अंथरुणावर निर्जीव पडलेलेही पाहिले होते. बाप पोरगी शाळेत असतानाच गेला होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ही एक दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली ती उठेचना. ताप नाही, दुखणं नाही. केसांचा नुसता गुंता झालेला. आई कंगवा घेऊन बसली की म्हणायची, "कापून टाक." काय होतंय विचारलं तर म्हणायची, "काही होत नाहीये. तेच होतंय." शेवटी मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पहिली गोळी लागू पडली नाही, दुसरीने पोरगी दिवसभर पेंगायला लागली, तिसरी हळूहळू रुळली. एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "आई, भूक लागलीय." आईने तिला वाढलं आणि मग बाथरूममध्ये नळ मोठा सोडून रडून घेतलं.

त्या तिसऱ्या गोळीवर पुढची सात वर्षं उभी होती. गेटवर नोंदी करण्याची नोकरी, मग क्रेनचं शिक्षण, परवाना, केबिन. नोकरीसाठी मामाने शब्द टाकला होता. पण भाचीला काय झालं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आईने त्याला सांगितलं होतं, काविळीने खंगली.

भाऊ मनाने सोनं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि दुसरी खोड म्हणजे बहिणीच्या घरी आला की डबे उघडायचे. चहा उकळेपर्यंत त्याचा हात फळीवर फिरत असे. म्हणून आईने एक युक्ती केली. औषधाच्या दुकानातून पाकीट आणलं की एकेक गोळी सोलून ती कॅल्शियमच्या रिकाम्या पांढऱ्या बाटलीत भरायची आणि पाकीट बारीक फाडून टाकायची. बाटलीवर एका हसऱ्या म्हातारीचं चित्र होतं. हळूहळू घरात बोलणंही तसंच झालं. "कॅल्शियम घेतलंस का?" "घेतलं." ते कॅल्शियम नाही, हे दोघीही अर्ध्यामुर्ध्या विसरून गेल्या.

सगळं सुरळीत असलं की या आईला जास्त भीती वाटे. सातव्या वर्षी तिला काळजीला एक नवं कारण मिळालं. गोळ्या वेळेआधीच संपायला लागल्या. औषधाचा दुकानदार कुरकुरत पुढचं पाकीट द्यायचा. आईने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "लवकर संपतात गं हल्ली?" मुलगी म्हणाली, "तूच कमी भरतेस." त्या दिवसापासून आईला बाटली हलवून अंदाज घ्यायची सवय लागली. पोरगी दोन-दोन घेते का? वरचेवर उदास वाटतंय आणि सांगत नाही का? मन चिंती ते वैरी न चिंती.

मामा मात्र भलत्याच रंगात होता. तरुणपणापासून ओढत असलेली सिगरेट त्याची सुटली होती. पहाटेच जाग येते, फिरून येतो, म्हणायचा. आल्याआल्या छाती काढून सांगायचा, "ताई, ना औषध ना पाणी. सुंठीवाचून खोकला गेला. मनावर ताबा लागतो, मनावर."

"बास कर," आई म्हणायची, "नाहीतर उद्या आश्रम काढशील."

मग ती सकाळ आली. पाळी सुरू होण्याआधी यार्डात चिठ्ठ्या टाकून काहीजणांची नशेची तपासणी व्हायची. यंत्रावर बसणाऱ्याला ती चुकत नसे, आणि घारेने आजवर कितीतरी वेळा निमूट दिलीही होती. पण त्या वर्षी यार्डाने तपासणीचे नवे कप आणले होते. लघवी कपात घ्यायची आणि कपाच्या भिंतीतल्या पट्ट्यांवर रेघा उमटल्या की मोकळं.

दुपारीच मुलगी घरी आली तेव्हा आई दुकानातून जेवायला आली होती. मुलगी बूट न काढता स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसली. आईने आधी बुटांकडे पाहिलं. ही कधी बुटांनी आत येत नसे.

"एक रेघ आली नाही," ती म्हणाली.

"कसली रेघ?"

"उत्तेजक नशेची. ती घेतली नसली तर रेघ येते. माझी आली नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी नशा करते."

आईने गॅस बंद केला. कशासाठी पेटवला होता तेही तिला आठवेना. "त्यांनी काही विचारलं नाही? औषधं वगैरे?"

"विचारलं. नर्सबाईंनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का. रांग लावायला मामा दारात उभा. मी म्हणाले, कॅल्शियम." ती स्वतःशीच हसल्यासारखं करून थांबली. "खोटं बोलायचं म्हणून नाही गं. तोंडातून तेच आलं. आणि वरून मामाही म्हणाला, आमच्याकडे सगळेच घेतात."

"त्याला काय बोलायला लागतं."

"उद्या बाटली आणून दाखवा म्हणालेत."

"नेऊ नकोस."

"नेली नाही तर लपवतेय म्हणतील. बाटलीवर लिहिलंय ना कॅल्शियम? बघतील, ठेवून देतील."

चूक केवढी होती ते त्या क्षणी दोघींनाही दिसलं नाही. ज्या घरात डबा बघून आतल्या वस्तूवर कधी कुणी विश्वास ठेवला नव्हता, त्या घरातल्या दोघींना वाटलं, बाहेरचे लोक ठेवतील.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी झाकण उघडून तळहातावर बाटली कलती केली. फिकट जांभळ्या गोल गोळ्या. त्यांनी एकदा हसऱ्या म्हातारीकडे पाहिलं, एकदा घारेकडे. "हे कॅल्शियम नाही," एवढंच म्हणाल्या. सेफ्टीसाहेबांना बोलावलं गेलं. हे काय आहे, कुठून आणलं, दुसऱ्या बाटलीत का ठेवलं. घारेने तोंड उघडलं नाही. साहेबांनी सांगितलं, कालचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेलाय, त्याचा निकाल येईपर्यंत शिडीला हात लावायचा नाही. निकाल आला की पुन्हा एक ताजा नमुना द्यायचा. तोही असाच निघाला तर परवाना जमा करायचा. बाटली त्यांनी ठेवून घेतली.

संध्याकाळी मामा आला तो दारातूनच बोलत. त्याला एवढंच कळलं होतं की भाची तपासणीत अडकली. नर्सबाई तोंडाच्या पक्क्या होत्या.

"मी शब्द टाकला होता, ताई. माझ्या शब्दावर तिला आत घेतली. आज कॅन्टीनमध्ये पोरं मला विचारतात, मुकादम, वर हवा जास्त लागते का."

"तिने काही घेतलेलं नाही."

"यंत्र काय तिचा वैरी आहे? आग असल्याशिवाय धूर निघतो का?"

"तू पण ओढायचास ना इतकी वर्षं? कधी तुझी मान खाली गेली?"

"सिगरेट आणि हे एक आहे का? आणि ती मी सोडली. मनावर ताबा ठेवून सोडली."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथून आवाज आला, "मामा, चहा पिऊन जा." त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. आईने तो आवाज ओळखला. मामा चहा न घेताच गेला.

आईला बसवेना की उठवेना. दुकानात तिने एका शर्टाला दोन चिठ्ठ्या टाचल्या. काउंटरवर कुणीतरी पावती पुढे केली आणि ती त्या माणसाकडे नुसती बघत राहिली. एकच विचार घोंगावत होता. घरी आल्यावर तिने तो बोलून टाकला.

"खरं सांग. तू जास्त घेत होतीस का?"

मुलगी खिडकीशी उभी होती. तिथून यार्डातल्या क्रेनचे वरचे भाग दिसत. "काय जास्त?"

"गोळ्या लवकर संपत होत्या. मी बघतेय कधीपासून. दोन-दोन घेतल्या म्हणून तर आलं नसेल ते मशीनवर?"

मुलगी वळली. बराच वेळ ती आईकडे बघत राहिली, झुलणाऱ्या पेटीचा अंदाज घेतल्यासारखी.

"तुलाही तसंच दिसतं," ती म्हणाली. "मग त्यांचं काय चुकलं."

त्यानंतर बोलणं जेवलीस का, झोपलीस का एवढ्यावर आलं. आईने औषधाच्या दुकानातून नवं पाकीट आणलं होतं. बाटली नव्हती, म्हणून ते तसंच बटणांच्या डब्यात ठेवलं आणि मुलीला सांगितलं. "बरं," ती म्हणाली. आईला तेवढाच धीर आला. पण दिवस गेले तशी मुलगी उशिरापर्यंत अंथरुणातच राहू लागली. ताटातलं चिवडून ठेवायची. केसांना एकच रबर लावलेला, न काढता. खिडकीतून एक क्रेन हलताना दिसली तर पडदा ओढून घ्यायची. आई दुकानातून मधेच कारण काढून घरी येऊ लागली. किल्ली फिरवायच्या आधी ती दाराला कान लावी, आणि आतून पाण्याचा नाहीतर भांड्याचा आवाज आला की मगच श्वास मोकळा होई.

एका सकाळी शर्टाचं बटण तुटलं म्हणून तिने डबा उघडला. बटणांच्या खाली पाकीट जसंच्या तसं होतं. चंदेरी कागदावर एकही खड्डा नाही.

ती पाकीट घेऊनच आत गेली. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"हे काय आहे?"

"पुढचा नमुना साफ द्यायचाय," भिंतीकडे बघतच ती म्हणाली. "त्या गोळीनेच रेघ गेली असणार, दुसरं काय आहे माझ्या पोटात? नाही घेतली तर रेघ येईल. मग मी वर जाईन. मग घेईन."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काही नाही."

"तू स्वतःला बघितलंयस का आरशात?"

"मग सांगू का त्यांना? सांग ना. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून गोळी खाते, आणि तुमच्या डोक्यावरून लोखंडी पेट्या नेते. बसवतील मला?" ती उठून बसली. "तूच म्हणालीस ना, बाहेरच्याला कळून काय करायचंय."

ते वाक्य आईचंच होतं. क्रेन गेली तर पोरगी जगण्यातून उठेल, आणि क्रेनसाठी गोळी सोडली तर आत्ताच उठत चालली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती पाकीट हातात घेऊन स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, आणि नेमका तेव्हाच दारात मामा उभा राहिला.

त्या भांडणानंतर तो पहिल्यांदाच आला होता. चेहरा ओढलेला, आणि सदऱ्याला सिगरेटचा वास. आईने नाक मुरडलं.

"परत सुरू?"

"दोन दिवस झाले, नुसती तलफ. जीव वर-खाली होतो." तो ओशाळला होता. बोलता बोलता सवयीने त्याचा हात फळीवर गेला. जॅमची बाटली सरकवली, कॉफीची बरणी सरकवली. "ताई, ती कॅल्शियमची बाटली कुठं ठेवलीस? माझ्या संपल्या."

आईला ऐकू आलं, पण अर्थ पोचायला वेळ लागला. "तुझ्या काय संपल्या?"

त्याने खिशातून पेपरमिंटची चपटी डबी काढून उघडून दाखवली. रिकामी होती. कोपऱ्यात थोडी फिकट जांभळी भुकटी. "गुडघे दुखतात ना माझे. तुमच्याकडे आहेच, म्हटलं कशाला वेगळी आणा. आठवड्याच्या भरून न्यायचो. रोज एक, संध्याकाळी. सांगणारच होतो, मग म्हटलं बहिणीच्या घरातलं काय सांगायचं."

"किती दिवस?"

"झाले की पाच-सहा महिने. गुडघ्याला काही फरक नाही पण. तुमची कंपनी बदला."

आई स्टुलावर बसली. पाच-सहा महिने. तेव्हापासूनच तर सिगरेट सुटली होती, पहाटेच जाग येत होती, आणि तेव्हापासूनच बाटली लवकर रिकामी होत होती. आणि पोरीला ती विचारून बसली होती, तू दोन-दोन घेतेस का. आणि हा? दुसऱ्याची गोळी, एवढे महिने, काही झालं असतं तर?

"अरे," ती म्हणाली, "ते कॅल्शियम नव्हतं."

मग तिने सगळं सांगितलं. कावीळ नव्हती इथपासून. मामा उभाच होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "म्हणजे मनावर ताबा माझा नव्हताच?"

आतल्या खोलीतून एक विचित्र आवाज आला. आई घाबरून धावली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून हसत होती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता ते रडणं कधी झालं कळलं नाही. मामा तिच्याजवळ गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. "सात वर्षं त्या म्हातारीच्या चित्राकडे बघत चहा पितोय मी," तो म्हणाला. "मला सांगितलं असतंत तर मी काय गावभर दवंडी पिटली असती?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बरं, पिटली असती," तो म्हणाला. "पण कुणी काही बोललं असतं तर त्याचं तोंडही मीच बंद केलं असतं ना."

त्याच दुपारी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी आधी मामाला फैलावर घेतलं. कधी झटका आला होता का, चक्कर येते का, दुसरी औषधं कोणती, पिता का. मामा शाळेतल्या पोरासारखा हात गुडघ्यावर ठेवून उत्तरं देत होता. "नशीब तुमचं बलवत्तर," त्या म्हणाल्या. "या गोळीने एखाद्याला फीट येऊ शकते. आणि हो, सिगरेट सोडवायलाही हीच देतात. पण तपासून देतात, फळीवरून उचलून नाही. सोडायची असेल तर तुमच्या डॉक्टरांकडे जा."

मग घारेकडे वळल्या. "ती कपातली पट्टी असते ना, ती गर्दीत पाठमोऱ्या माणसाला हाक मारते. चाल ओळखीची वाटली, मारली हाक. या गोळीची ठेवण त्या नशेसारखी आहे, म्हणून पट्टी फसते. मोठ्या प्रयोगशाळेतलं यंत्र पुढे जाऊन चेहरा बघतं. तिथं खरं काय ते कळेल."

"याआधीच्या तपासण्यांत तर काही आलं नाही," आई म्हणाली.

"कप कप वेगळा असतो. एक फसतो, एक फसत नाही. मला आधी विचारलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी दोन ओळी लिहून दिल्या असत्या." मग पुन्हा मुलीकडे बघून, "कधीपासून बंद केलीस?"

मुलीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. आज किती, उद्यापासून किती, ते समजावून सांगितलं.

"आजपासून घेतली तर पुढच्या नमुन्यात परत रेघ येणार नाही," मुलगी म्हणाली.

"बहुतेक नाही येणार."

"मग?"

"मग ती का येणार नाही, हे तू आधी सांगून ठेवायचं. मी लिहून देते की तू काम करायला ठीक आहेस आणि या गोळीमुळेच आहेस. यार्डवाले ऐकतील याची हमी मी देऊ शकत नाही. न ऐकले तर भांडायला येईन."

बाहेर पडल्यावर मुलगी भराभर पुढे चालू लागली. आईने तोंड उघडलं नाही. बोलली तर ती 'नको सांगूस' म्हणेल की 'सांग' म्हणेल, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. चौकात दिवा लाल झाला तेव्हा मुलगी थांबली आणि म्हणाली, "पाकीट बाटलीत भरू नकोस आता."

निकाल आला नव्हता तरी दुसऱ्या दिवशी घार स्वतःहून यार्डात गेली. आई बरोबर गेली. दुकानमालकाला तिने काय कारण दिलं ते तिला नंतर आठवेना. नर्सबाईंच्या खोलीत पांढरा पडदा, वजनकाटा, दोन खुर्च्या. सेफ्टीसाहेब उभेच राहिले. मामा बोलावलं नसताना आत शिरला आणि घसा खाकरून म्हणाला, "साहेब, त्या बाटलीतलं मीही खाल्लंय."

"मामा, थांब," मुलगी म्हणाली.

"नाही, मला आधी सांगू दे. माझीही तपासणी करा. माझीही रेघ गायब होते की नाही बघा. तीस वर्षं झाली मला इथं—"

"मामा. माझं मला सांगू दे."

तो थांबला. मुलीने पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यावर औषधाच्या दुकानाने चिकटवलेलं तिचं नाव होतं. शेजारी डॉक्टरीणबाईंचा कागद ठेवला. आईची नजर पाकिटावर खिळली. तेच नाव ती एवढी वर्षं बारीक फाडून टाकत आली होती.

"मनाच्या आजाराची गोळी आहे," मुलगी म्हणाली. "सात वर्षं घेतेय. क्रेन शिकले तीही ही घेऊनच. त्या दिवशी कॅल्शियम म्हणाले ते चुकलं. घाबरले होते."

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "तुम्ही वर असता तेव्हा खाली माणसं उभी असतात," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण कौतुकही नव्हतं.

"म्हणूनच घेते. मधे काही दिवस सोडली होती, तुमचा नमुना साफ द्यायला. तेव्हा मी वर बसायच्या लायकीची नव्हते. घेते तेव्हा असते."

नर्सबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मुलीने चंदेरी कागदातून गोळी काढली आणि सगळ्यांसमोर घेतली. मग म्हणाली, "ताजा नमुनाही आजच घ्या. आता तुम्हाला माहिती आहे."

कप पुन्हा भरला, आणि ज्या जागी रेघ यायला हवी होती तिथं ती आली नाही. कालपासून पोटात गेलेलं पट्टीला पुरलं होतं. नर्सबाईंनी कप उजेडात फिरवला, पाकिटावरचं औषधाचं नाव नीट उतरवून घेतलं आणि कपावर झाकण लावलं. "हाही तिकडेच पाठवते," त्या म्हणाल्या. "औषध कळवून."

मामाची तपासणी झाली नाही. साहेब म्हणाले, "मुकादम, तुम्ही आधी लोकांचे डबे उघडायचं बंद करा."

निकाल यायला वेळ लागला, आणि ते दिवस आईने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. फोन वाजला की तिच्या हातातली इस्त्री थांबे. शेवटी कळलं, दोन्ही नमुन्यांत नशा नाही. तरी लगेच शिडी मिळाली नाही. यार्डाच्या डॉक्टरांनी तपासलं, चार प्रश्न जास्तच विचारले, आणि काही काळ गेटवर बसायला सांगितलं. पुन्हा तेच जुनं नोंदींचं काम. मुलगी रोज गेली. आईला वाटायचं ती चिडेल, नोकरी सोडून देईल. पण ती संध्याकाळी येऊन म्हणायची, "आज कुणीतरी पेटी आपटली. मला गेटवर ऐकू आलं."

गोष्ट बाहेर फुटलीच. मामाने या वेळी तोंड उघडलं नव्हतं, तरी फुटली. ती वर चढली त्या पहिल्या दिवशी कुणीतरी वॉकीटॉकीवर म्हणालं, "घार आता गोळीवर उडते." यार्डभर ऐकू गेलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग वरून तिचा आवाज आला, "मी कशावर पण उडेन. तुझं हेल्मेट कुठंय?" हे मामाने येऊन सांगितलं. दोन वेळा सांगितलं, हातवारे करून. तोंडात पेपरमिंट होतं. आता त्याच्याकडे त्याच्या डॉक्टरांनी दिलेली त्याची स्वतःची औषधं होती, आणि ती तो कुणालाही दाखवायचा.

फळीवरचे डबे होते तसेच आहेत. कॉफीच्या बरणीत मीठच आहे. फक्त गोळ्यांचं पाकीट मुलीच्या खोलीत खिडकीत असतं, उघड्यावर, नाव वर करून. आईने ते आत ठेवू का म्हणून विचारून पाहिलं, तर मुलगी म्हणाली, "राहू दे."

बाटली होती तेव्हा आईला ती हलवून बघता यायची. आता काही हातात नाही. सकाळी ती ओट्याशी उभी असते, पण कान आतल्या खोलीकडे. चंदेरी कागद फुटतो त्याचा बारीक टक् असा आवाज येतो. तो आला की ती मुलीचा जेवणाचा डबा भरायला घेते.

परवा तो आला नाही. पाणी उकळून गेलं, आई चमचा धरून तशीच उभी. आत जावं तर पोरगी म्हणेल, तुला अजून तसंच दिसतं. न जावं तर जीव राहत नाही. तिने चमचा ठेवला, पुन्हा उचलला. आतून कपाटाचं दार वाजलं, मग पावलं, मग बराच वेळ काही नाही.

टक्.

"आई," आतून हाक आली, "उभी आहेस ना तिथं? घेतली."

"मी कुठं काय विचारलं," आई म्हणाली, आणि डबा भरायला घेतला.